एकमत सरांचं एक मत

पदम लिंबू आमच्या पालिकेचा अध्यक्ष झाला आणि सहा महिन्यांच्या आत त्याला इतिहासाची हौस आली. शाळेत हा विषय त्याला कधीच सुटला नव्हता. सातवीत दोनदा मीच त्याला नापास केलं होतं. तो माझ्या अंगणात येऊन बसला, संत्रं सोलत म्हणाला, "मिस, आपल्या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास छापायचाय. विक्रम संवत दोन हजार अठ्ठेचाळीसपासून आजपर्यंत. तुम्ही लिहा."

"मीच का?"

"तुम्ही निवृत्त झालात, अक्षर सुरेख आहे, आणि तुम्ही कुठल्याच पक्षाच्या नाही."

"हे तिसरं तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या पक्षांनी. प्रत्येकाला वाटतं, कला मिस दुसऱ्याच्या आहेत."

मी हो म्हटलं. घरात बसून मोहरी निवडण्यापेक्षा ते बरं होतं.

आमचा मतदारसंघ आधी तीन नंबरचा होता, मग दोनचा झाला, आता एकचा आहे. डोंगर तेच, माणसं तीच, नंबर तेवढा उतरत गेला. पुढच्या खेपेला आपण शून्यावर येणार, असं बाजारातला तीर्थलाल साहू म्हणतो. अठ्ठेचाळीस साली इथून एक निवृत्त सुभेदार निवडून गेले. त्यांनी पूल कबूल केला होता आणि खरंच बांधूनही घेतला. पण कागदावर नदीचं नाव कुणीतरी चुकीचं लिहिलं आणि पूल शेजारच्या मतदारसंघात उभा राहिला. तिकडची माणसं अजून सुभेदारांचं नाव काढतात. छप्पन साली जे जिंकले त्यांनी टेलिफोन आणला. तो त्यांच्याच घरात बसला, आणि गावातल्या माणसाला फोन करायचा तर आधी त्यांच्या आईशी तासभर बोलावं लागे. चौसष्ट साली एक पोरगेलासा उमेदवार संविधान लिहायला काठमांडूला गेला. चार वर्षांनी परतला तेव्हा संविधान झालं नव्हतं, पण त्याचं लग्न झालं होतं.

हे सगळं लिहायला मला फार त्रास पडला नाही. त्रास दिला तो एक्कावन्न सालानं.

त्या साली कार्तिकात मध्यावधी निवडणूक लागली. छत्री चिन्हावर सुभेदारांचे पुतणे उभे होते. त्यांच्या समोर घागर चिन्हावर अपक्ष उभे राहिले आमच्या शाळेचे हेडमास्तर, डिल्लीराम खतिवडा. नावात दिल्ली असलेल्या माणसाला निदान काठमांडू तरी मिळावं, असं लोक म्हणायचे. छत्रीला अकरा हजार दोनशे आठ मतं पडली, घागरीला अकरा हजार दोनशे सात. फेरमोजणी मागा, असं लोकांनी परोपरीनं सांगितलं. सरांनी हात जोडले. "लोकांनी दिलं ते दिलं, मोजणाऱ्यांनी मोजलं ते मोजलं," म्हणाले आणि छत्रीवाल्याच्या गळ्यात स्वतःच्या हातानं झेंडूची माळ घातली. जिल्ह्याच्या ठिकाणी माणसं ढसाढसा रडली. मीही रडले. तेव्हा मी नवी शिक्षिका होते आणि मतमोजणीच्या टेबलावर कारकुनीला बसले होते.

त्या दिवसापासून डिल्लीराम सरांचं नाव पडलं एकमत सर.

पदमनं माझा मसुदा वाचला आणि त्या पानावर बोट ठेवलं. "मिस, इथं तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. एका मतानं हरणं म्हणजे काय थट्टा आहे? जरा विचारपूस करा. ते एक मत गेलं कुठं?"

मी विचारपूस करायला बाहेर पडले, पण मला लांब जावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी पाणवठ्यापाशी फूलमती राईनं मला हाक मारली. फूलमती दिदी सत्तरीच्या, अंगानं काटक, कानात अजून जुन्या सोन्याच्या चकत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू ते पुस्तक लिहितेस ना? मग माझं नाव लिहून टाक. एकमत सरांना मी पाडलं."

"तुम्ही?"

"त्या दिवशी माझी म्हैस व्यायला लागली. पारडू आडवं आलं. मी म्हटलं, हिला सोडून कशी जाऊ? मोकळी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. पळत शाळेत गेले, तर पेटीला लाख लावून झालेली. सरांनी मला प्रौढवर्गात अक्षर शिकवलं, कला. माझं नाव मला त्यांच्यामुळे लिहिता येतं. आणि मी त्यांना एक ठसा देऊ शकले नाही." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तेव्हापासून दर कार्तिकात पहिलं तूप त्यांच्या घरी नेते. टीकादेवी दारातच भांडं घेते, आत ये म्हणत नाही. बरोबरच आहे तिचं."

टीकादेवी म्हणजे सरांची बायको. फूलमतीशी तिचं वाकडं आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं. का, ते मला त्या दिवशी कळलं.

मी घरी येऊन वहीत लिहिलं, 'फूलमती राई, म्हैस व्याली.' आता हे पान झालं, असं वाटलं.

दोन दिवसांनी जुद्धवीर मगर आला. हा फौजेतून परतलेला गडी, मिशा अजून पिळदार. त्यानं दाराशी उभं राहून आधी सलाम ठोकला.

"मिस, फूलमतीनं म्हणे कबुली दिली? तिचं ऐकू नका. तिची म्हैस खरी, पण सरांना पाडलं मी. सकाळी मतदानाला निघालो होतो. वाटेत मेव्हण्याच्या घरी नाचणीची जांड, आपली घरगुती दारू, काढलेली. म्हटलं एक वाटी घेऊ, थंडी आहे. मग दुसरी घेतली, कारण पहिलीला एकटं वाटू नये. जाग आली तेव्हा संत्र्याच्या झाडाखाली होतो आणि माणसं मत देऊन परतत होती."

"आणि म्हणून तुम्ही दरवर्षी आधी सरांचं शेत नांगरता?"

"आधी त्यांचं, मग माझं." तो मान खाली घालून उभा राहिला. "सरांनी कधी विचारलंसुद्धा नाही, का नांगरतोस म्हणून. एवढा मोठा माणूस. दुसरा असता तर बोलून दाखवलं असतं."

त्यानंतर तीर्थलाल साहूनं मला दुकानात बोलावलं, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबवलं, आणि खालच्या आवाजात सांगितलं की मतदानाच्या दिवशी बाजारात गर्दी होती, दुकान बंद करवेना, पाच मिनिटांत जातो म्हणता म्हणता संध्याकाळ झाली. तेव्हापासून सरांच्या गुळाचं पारडं त्यानं नेहमी झुकतं ठेवलंय. मग एक जोडपं आलं. त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं आणि 'तू जातोस तर मी जात नाही' असं म्हणता म्हणता दोघंही गेले नव्हते. एकाचा बूट हरवला होता. एक बाई भावाच्या घरी भाऊबीजेचा टिळा लावायला गेली ती चार दिवस राहिली. कुणी संध्याकाळी आलं, कुणी शेतात गाठलं. एकानं तर मला स्मशानवाटेवर थांबवून सांगितलं. प्रत्येकजण आधी आजूबाजूला बघायचा, मग आवाज खाली आणायचा, मग म्हणायचा, "मिस, ते मत माझं होतं."

तीन आठवड्यांत माझ्या वहीत सतरा नावं झाली. एका मताला सतरा धनी! आणि सतराही जण तीस वर्षं सरांच्या घरी काही ना काही पोचवत होते. कुणी तूप, कुणी काकड्या, कुणी दसऱ्याला बोकडाची मांडी. सर ब्राह्मण असूनही मांडी परत पाठवत नसत, हे विशेष.

मी वही घेऊन सरांच्या घरी गेले.

सर ब्याऐंशी वर्षांचे. व्हरांड्यात उन्हाला बसले होते, नाकावर जाड काचांचा चष्मा, डोक्यावर टोपी. टीकादेवी शेजारी गुंद्रुक, म्हणजे आंबवलेली पालेभाजी, सुपलीत वाळत घालत होती. मी म्हटलं, "सर, एक्कावन्न सालचं ते मत सापडलं."

सरांचा चेहरा एकदम उतरला. "कुणाला सापडलं?"

"मला. पण एक नाही, सतरा सापडली." आणि मी यादी वाचायला लागले. फूलमतीचं नाव आलं तशी टीकादेवी म्हणाली, "ते मला सांगू नकोस. म्हशीसाठी माझ्या माणसाचं आयुष्य घालवलं तिनं." जुद्धवीरच्या नावाला तिनं कपाळाला हात लावला. तीर्थलालच्या नावाला म्हणाली, "तरीच! मला वाटायचं, त्याचा काटाच बिघडलाय." पुढच्या नावांना गुंद्रुकाची सुपली तिच्या हातात तशीच राहिली.

मी थांबले तेव्हा सर टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते.

"सतरा?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, चार-पाच असतील."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तूप कुणी उगाच आणतं का, कला?" त्यांनी मांडीवरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तुला मोजणीचं टेबल आठवतं? दुसऱ्या दिवशी दुपारी तू एक मतपत्रिका वर धरलीस. ठसा घागर आणि तिसऱ्या उमेदवाराचा डमरू यांच्या मधल्या रेघेवर होता. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. शेजारी अंगठ्यानं फरफटल्याचा डाग."

मला आठवलं. चांगलंच आठवलं. छत्रीवाल्याचा माणूस 'बाद' म्हणून ओरडला होता, घागरीची पोरं 'घागर, घागर' म्हणून. निवडणूक अधिकाऱ्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा लावला, पत्रिका जवळ घेतली, आणि शांतपणे म्हणाले होते, 'बाद. नियम म्हणजे नियम.' त्या एका वाक्यावर मी पुढची तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं.

"ते माझं मत होतं," सर म्हणाले.

टीकादेवीनं सुपली खाली ठेवली. "कुणाचं?"

"माझं. मी स्वतः मारलेलं."

"अहो, तुम्ही? बटाट्याचा ठसा करून डोंगर डोंगर शिकवत फिरलात ते तुम्ही?"

हे खरं होतं. निवडणुकीआधी दोन महिने सर वस्त्यावस्त्यांवर फिरले होते. बटाटा चिरून त्यावर स्वस्तिक कोरायचे, शाईत बुडवायचे आणि जुन्या वह्यांच्या पानांवर म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ठसे मारून घ्यायचे. "खणाच्या आत! रेघेला शिवायचं नाही! रेघेला शिवलात की मत खड्ड्यात!" घागरीचा प्रचार करत नव्हते, मतदान शिकवत होते. छत्रीवालेसुद्धा त्यांच्याकडूनच शिकले.

"धरानहून फोटोवाला आला होता," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "त्या आधी कुणीतरी म्हणालं होतं, चष्म्यात तुम्ही खासदार वाटत नाही, मास्तर वाटता. म्हणून शाळेच्या फाटकापाशी मी चष्मा काढला. फोटो झाला. छाती भरून आली. तसाच आत गेलो. आत अंधार होता. घागर म्हणून जे दिसलं त्यावर ठसा मारला, आणि कागद नाकाजवळ धरला तेव्हा कळलं. अंगठ्यानं पुसायला गेलो, तर आणखी फरफटलं."

"चष्मा कुठं होता?" मी विचारलं.

मग टीकादेवी हळू आवाजात म्हणाली, "माझ्या हातात. मी बाहेर चष्मा धरून उभी होते."

"फेरमोजणी म्हणून नाही मागितली," सर म्हणाले. "पत्रिका पुन्हा बाहेर आली असती, आणि कुणीतरी माझा अंगठा बघितला असता. शाईचा डाग आठ दिवस गेला नव्हता. जिल्हाभर हसं झालं असतं, 'मास्तरला ठसा मारता येत नाही.' मी म्हटलं, हरलेला मोठा माणूस झालेला परवडला. मग फूलमती तूप घेऊन आली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तूप फार चांगलं होतं, कला."

मला हसू आवरेना. टीकादेवीला मात्र हसू आलं नाही. ती उठून उभी राहिली. एवढी लहानखुरी बाई, पण व्हरांडा भरल्यासारखा वाटला.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "तीस वर्षं मी त्या बाईशी धड बोलले नाही. तिच्या लेकीच्या लग्नाला गेले नाही. तिचा नवरा गेला तेव्हा लांबून हात जोडून आले. आणि तुम्ही तिचं तूप भातावर घेऊन मिटक्या मारत होता!"

"टीका..."

"मला टीका म्हणू नका. लोकांपुढे सांगायचं. सगळ्यांपुढे. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर मीठमसाला माझा असेल."

पदमनं ठरवलंच होतं की पुस्तक छापण्याआधी मसुद्याचं जाहीर वाचन करायचं, म्हणजे लोकांची भांडणं छपाईच्या आधीच होऊन जातील. अध्यक्ष झाल्यापासून त्यानं केलेला हा सर्वांत शहाणपणाचा विचार होता. शनिवारी सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर दोन-अडीचशे माणसं जमली. बाया तांदळाच्या पिठाच्या गोड सेलरोट्या तिथंच तळत होत्या, तीर्थलालनं चहाचं पातेलं चढवलं होतं. मी वाचायला लागले. सुभेदारांच्या पुलाला टाळ्या पडल्या. मी एक्कावन्न सालापाशी आले, तेव्हा पुढच्या रांगेतून सरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

ते काठी टेकत माइकपाशी आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. चष्मा, फोटो, रेघ, अंगठा. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्यापैकी कुणीही मला पाडलं नाही. मीच मला पाडलं. आणि ते लपवून तुमचं तूप खाल्लं, तुमच्याकडून शेत नांगरून घेतलं. मला माफ करा."

कढईत रोटी तळल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग फूलमती दिदी उठल्या. "सर, खाली बसा."

"फूलमती, मी खरं सांगतोय."

"खरं असेल. पण गणित तुम्हीच शिकवलंत मला, प्रौढवर्गात. आता सांगा. तुमचं ते बाद मत बाद झालं नसतं, तर घागरीला किती?"

"अकरा हजार दोनशे आठ."

"आणि छत्रीला?"

"अकरा हजार दोनशे आठ."

"म्हणजे बरोबरी. मग चिठ्ठ्या टाकल्या असत्या, आणि चिठ्ठीत काय निघालं असतं ते देवाला ठाऊक. तुमचं नशीब बघता छत्रीच निघाली असती. आता त्याच्या वर माझं एक मत टाका."

सरांचे ओठ हलले. "दोनशे नऊ."

"जिंकलात की नाही?"

"जिंकलो."

"मग पाडलं कुणी?" फूलमतीनं कमरेवर हात ठेवून सभेकडे बघितलं. "म्हातारपणी माझ्यावर दया करायला निघालेत! तुमच्या मतानं फक्त बरोबरी होत होती. जिंकायला माझंच लागत होतं!"

"तुझंच का?" जुद्धवीर उभा राहिला. "वरचं एक माझंही असू शकतं. मी तर सकाळी निघालो होतो. तू दुपारपर्यंत घरातच होतीस."

"तू झाडाखाली घोरत होतास!"

"पण शाळेच्या वाटेवर घोरत होतो! तुझ्यापेक्षा जवळ होतो!"

तीर्थलाल चहाचा डाव हातात घेऊनच पुढे आला. म्हणाला, जवळपणाचा प्रश्न असेल तर त्याचं दुकान मतदान केंद्राच्या समोरच होतं, मधे फक्त रस्ता. त्यावर ते भांडलेलं जोडपं उठलं. आमची तर दोन मतं, नवरा म्हणाला, आम्हा दोघांनाच जमेत धरलं तर बरोबरी आणि चिठ्ठ्यांची भानगडच नको, सरांचं मत बाद राहिलं तरी चालेल. बायको म्हणाली, "मी घागरीला देणार होते असं तुला कुणी सांगितलं?" आणि त्यांचं तीस वर्षांपूर्वीचं भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. पदम माइकवर "शांत राहा, शांत राहा" म्हणत होता. कुणी ऐकेना. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "एकमत करा, एकमत करा!" आणि हशा पिकला.

सर माइकपाशी तसेच उभे होते. आधी त्यांचं तोंड उघडं राहिलं, मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. हसत होते. इतके हसले की टोपी पडली आणि ठसका लागला. टीकादेवीनं पाठीवर थोपटत त्यांना खुर्चीत बसवलं. "कला," ते मला म्हणाले, "तीस वर्षं मी तो दगड पोटात घेऊन फिरलो. आज काढून ठेवायला गेलो तर इथं प्रत्येकजण म्हणतोय, तो माझा आहे, हात लावू नका."

"मग राहू द्या त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"पण चष्मा माझ्या हातात होता," टीकादेवी पुटपुटली. "ते कुणीच मनावर घेत नाहीय."

सभा पांगेपर्यंत ऊन कललं. बाया कढया उचलत होत्या तेव्हा टीकादेवी मैदान ओलांडून फूलमतीपाशी गेली. मी जवळच होते, म्हणून ऐकलं. तिनं काही प्रस्तावना केली नाही. म्हणाली, "फूलमती, मी चुकले. तुझ्या लेकीच्या लग्नाला यायला हवं होतं."

फूलमती बराच वेळ कढई पुसत राहिल्या. "बाई, खरं सांगू? तुम्ही बोलत नव्हतात ते मला बरं वाटायचं. सर काही बोलायचे नाहीत, गाव काही बोलायचं नाही. निदान एक तरी माणूस मला शिक्षा करत होतं."

"मग आता?"

"आता काय. आता तुम्ही बोलायला लागाल आणि माझं डोकं खाल." असं म्हणून त्यांनी उरलेल्या दोन सेलरोट्यांपैकी एक टीकादेवीच्या हातावर ठेवली. दोघी तिथंच मैदानात उकिडव्या बसून खायला लागल्या. अंधार पडू लागला तरी उठल्या नाहीत. त्यांना तीस वर्षांचं सगळं सांगायचं होतं, आणि सुरुवात झाली होती त्या म्हशीच्या पारडापासून.

पुस्तकाचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. पदमचं म्हणणं, एकच नाव छापा, इतिहासाला एक उत्तर लागतं. मी त्याला म्हटलं, "म्हणूनच तू सातवीत राहिलास." शेवटी त्रेचाळिसाव्या पानावर मी निकालाचे आकडे दिले आणि खाली लिहिलं, 'हे एक मत आपलं होतं असं पुढील नागरिकांचं म्हणणं आहे.' मग अठरा नावं छापली, प्रत्येकापुढे कारण. फूलमती राई, म्हैस व्याली. जुद्धवीर मगर, झोप लागली. तीर्थलाल साहू, दुकान उघडं होतं. अठरावं नाव डिल्लीराम खतिवडा, रेघेवर ठसा. टीकादेवीनं हट्ट धरला म्हणून तळटीप दिली, 'चष्मा पत्नीच्या हातात होता.' पाचशे प्रती निघाल्या. सगळ्यांनी आपापलं पान उघडून शेजाऱ्यांना दाखवलं. पदमचा फोटो मुखपृष्ठावर होता, पण तिकडे कुणी बघितलं नाही.

महिनाभरानं मला परदेशातून फोन आला. कतारहून. आवाज तरुण, ओळखीचा नाही.

"कला मिस का? मी नवीन तामांग. वरच्या डोंगरावरच्या वस्तीतला. माझ्या इथल्या मित्रानं मला त्रेचाळिसाव्या पानाचा फोटो दाखवला. त्यात माझ्या आईचं नाव नाही."

"तुझी आई कोण?"

"सुकमाया तामांग. ती पण त्या दिवशी मत द्यायला जाऊ शकली नाही. नेहमी सांगायची. खतिवडा सर आमच्या वस्तीवर बटाटा घेऊन आले होते, तिनं बारा ठसे मारले, बाराही खणाच्या आत. सर म्हणाले, शाबास. ती म्हणायची, त्या दिवशी गेले असते तर सर जिंकले असते. गेल्या वर्षी ती वारली, मिस. ती असती तर स्वतः येऊन तुम्हाला सांगितलं असतं. तिचं नाव घालता येईल का?"

मी म्हटलं, "पुस्तक तर छापून झालं, बाळा." मग मीच म्हटलं, "थांब. बघते." फोन ठेवण्याआधी त्याची जन्मतारीख तेवढी विचारून घेतली.

तीनशे बारा प्रती अजून पालिकेच्या कपाटात होत्या. पदमला न विचारता मी किल्ली मागून घेतली आणि निळं पेन घेऊन बसले. चार दिवस लागले. प्रत्येक प्रत उघडायची, त्रेचाळिसावं पान काढायचं, अठराच्या खाली एकोणीस घालायचा आणि लिहायचं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला हे काम मिळालं होतं, ते आता खऱ्या उपयोगाला आलं. वाटून झालेल्या प्रती मी घरोघर जाऊन मागितल्या. फूलमतीनं आपली प्रत देताना विचारलं, "आणखी एक वाढली का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "सुकमाया मला माहीत होती. भली बाई. राहू दे तिचं."

मी पानाचा फोटो काढून नवीनला पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

"मिस, फोटो अंधुक आलाय. आईच्या नावापुढे कारण काय लिहिलंय?"

मी चष्मा सारखा करून वाचलं. "मुलगा झाला."